राजापूर : ऊन पाणी, येणारी-जाणारी गंगा आणि एक जुनं बंदर

रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. आजचा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरात वर्षानुवर्षं नुसता बोलला जातो. आजी म्हणते, "एकदा राजापूरची गंगा बघायची आहे." बाबा म्हणतात, "तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघे मोकळे होतील." आणि मग इंदूर, रायपूर, हैदराबाद किंवा बेळगावात राहणारा मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर गाड्या बघायला लागते.

राजापूर आहे रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मुंबई-गोवा महामार्गावर. आकाराने लहान, पण इतिहासाने मोठं गाव. जायच्या आधी तीन प्रश्न सोडवून घेऊ. तिथलं पाणी गरम का? गंगा येते आणि जाते म्हणजे नेमकं काय होतं? आणि म्हाताऱ्या माणसाला तिथं नेऊन काय मिळेल, काय मिळणार नाही? हे नीट कळलं तर प्रवास सुखाचा होतो. नाही कळलं तर हजार-दीड हजार किलोमीटर जाऊन माणूस कोरड्या कुंडासमोर हिरमुसून उभा राहतो.

आधी एक शब्द : ऊन

"ऊन पाणी" हा आपला जुना शब्द. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांची नावं बघा. दापोलीकडचं उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेडच्या किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आणि राजापूरजवळचं उन्हाळे. नावातच पाण्याचा गुण सांगितलेला आहे.

आमच्या छत्तीसगडातही तेच. बलरामपूर जिल्ह्यात तातापानी आहे. छत्तीसगढीत "तात" म्हणजे गरम. हिमाचलात तत्तापानी, नेपाळात तातोपानी. शब्द बदलला, पद्धत एकच. संक्रांतीला तातापानीला मोठा मेळा भरतो. पण तिथलं पाणी काही ठिकाणी उकळत्या पाण्याच्या जवळपास असतं, ते थंड केल्याशिवाय अंगावर घेताच येत नाही. राजापूरच्या उन्हाळ्याचं पाणी चाळीस अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे. म्हणजे आपल्या अंगापेक्षा चार-पाच अंश जास्त, हिवाळ्यात बंबातून काढून विसण घातलेल्या पाण्यासारखं.

पाणी गरम कशामुळे?

अनेकांना वाटतं, खाली ज्वालामुखी असणार. तसं नाही. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच आहे हे खरं, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती धग केव्हाच निवाली.

खरं कारण साधं आहे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला सरासरी पंचवीस ते तीस अंश. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खाली मुरतं, खोलवर तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून दाबाने पुन्हा वर येतं. आता हिशेब करा. कोकणात मुरणारं पाणी साधारण सत्तावीस अंशांचं. ते बेचाळीस अंशांचं व्हायचं तर निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आलं पाहिजे. वर येताना ते थोडं निवतं आणि उथळ थंड पाण्यात मिसळतं, म्हणून मुळात त्याहूनही खोल गेलेलं असणार.

अशी भेगांची जागा कोकणात एकच नाही. पालघर-ठाण्याकडे कोकनेर, सातिवली, वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोली, मग महाडजवळ सव, पुढे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी, आणि दक्षिणेच्या टोकाला राजापूर. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये, किनाऱ्याला समांतर अशी ही माळ आहे. पश्चिम किनारपट्टीवरच्या जुन्या तड्यांची ओळ जमिनीखाली जिथून जाते, तिथून हे झरे वर येतात. तातापानीची गोष्टही भेगांचीच, फक्त पट्टा वेगळा. नर्मदा आणि सोन या नद्या ज्या जुन्या तड्यांच्या पट्ट्यातून वाहतात, तो पूर्वेकडे आमच्याकडे येतो.

या पाण्याला कधीकधी उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकयुक्त वायूचा. तापलेलं पाणी खडकातले क्षार बरोबर घेऊन येतं, त्याचाच हा भाग.

गंगा येते म्हणजे काय?

आता राजापूरची खरी ख्याती. उन्हाळ्याच्या गरम झऱ्यापासून जवळच, टेकडीवर, दगडी आवाराच्या आत चौदा कुंडं आहेत. एरवी ती कोरडी असतात. मग एके दिवशी वडाच्या मुळाशी पाणी दिसतं. तिला मूळ गंगा म्हणतात. काशीकुंडातल्या गोमुखातून धार सुरू होते आणि बाकीची कुंडं भरत जातात. कधीकधी हे ऐन उन्हाळ्यात घडतं, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना. काही आठवडे, काही महिने पाणी राहतं आणि जसं आलं तसं निघून जातं.

जुना ठोकताळा असा, की गंगा तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते. अलीकडच्या काळात हे गणित बसत नाही. कधी ती वर्षाच्या आतच परत येते, कधी मुक्काम लांबतो. म्हणून "यंदा गंगेचं वर्ष आहे" असं कुणी सांगितलं तरी त्यावर तिकीट काढू नका.

यामागची लोककथा फार गोड आहे. एक कुणबी शेतकरी दरवर्षी तीर्थयात्रेला जायचा. म्हातारपणी पाय चालेनात. यात्रा चुकली म्हणून तो शेतात बसून रडला, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. म्हणजे ज्याला तीर्थापर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत तीर्थ येतं. आपल्या आजीला राजापूर का ओढतं, ते या कथेतून कळतं.

विज्ञानाच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितली जाणारी उपपत्ती वक्रनलिकेची, म्हणजे सायफनची. स्कूटरच्या टाकीतून नळी घालून पेट्रोल काढताना पाहिलंय ना? नळी एकदा भरली की वरच्या टाकीतलं पेट्रोल आपोआप खाली वाहत राहतं आणि पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की थांबतं. तसंच, डोंगराच्या पोटात एखादी पोकळी असावी आणि तिच्यातून बाहेर पडणारी वाट आधी वर चढून मग खाली उतरणारी असावी. मुरलेलं पाणी पोकळीत हळूहळू साठत जातं. पातळी त्या वळणाच्या माथ्याला पोचली की प्रवाह सुरू होतो आणि पोकळी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. मग हवा शिरते, प्रवाह तुटतो, पुन्हा साठवण सुरू. पाऊस आणि गंगा यांचा थेट मेळ का लागत नाही, हे यातून समजतं. पोकळी भरायला किती काळ लागेल ते एका पावसाळ्यावर ठरत नाही.

लोक नेहमी विचारतात, "मग चमत्कार की विज्ञान?" सायफन कळल्यावर म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट खोटी पडते असं मला वाटत नाही. पाणी कसं आलं हे एक सांगतं, ते माणसांना इतकं मोलाचं का वाटलं हे दुसरं.

आणखी एक लक्षात घ्या. गरम झरा आणि गंगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम झरा बारमाही. गंगा येते-जाते आणि ती उन्हाळ्याच्या झऱ्यासारखी ऊन नसते. गंगा नसली तरी उन्हाळ्यातली आंघोळ होतेच.

पाण्यानेच घडवलेलं गाव

राजापूर अर्जुना नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे खाडी होऊन जैतापूरजवळ समुद्राला मिळते. एके काळी गलबतं खाडीतून पार आत, गावाजवळ यायची. मागे सह्याद्री, त्यात अणुस्कुरा घाट, त्यापलीकडे कोल्हापूर, पन्हाळा आणि विजापूरचा मुलूख. घाटावरचा माल इथं उतरायचा आणि समुद्राकडे जायचा. समुद्रापासून आत, म्हणून वाऱ्या-वादळापासून सुरक्षित, आणि घाटाला जवळ. आदिलशाहीत राजापूर मोठं बंदर झालं ते यामुळे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इथं वखार घातली. नंतर फ्रेंचही आले.

इथूनच शिवचरित्रातला एक ठसठशीत प्रसंग घडला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला होता. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला आणि इंग्रजांच्या निशाणाखाली गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्यांनी लढाईत बाजू घेतली. शिवाजी महाराज त्या वेढ्यातून निसटून विशाळगडावर पोचले, ती कथा आपल्याला पाठ आहे. त्यानंतर काय झालं ते कमी सांगितलं जातं. १६६१ मध्ये महाराज राजापुरात उतरले. वखार लुटली, खणून काढली आणि इंग्रजांना कैद करून नेलं. त्यातले उरलेले १६६३ मध्ये सुटले. राजापूरच्या नुकसानभरपाईचा तगादा इंग्रजांनी वर्षानुवर्षं लावला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हाही बोलण्यात हा विषय होता.

वखारीचं आज पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. खाडीही गाळाने भरत गेली, मोठी जहाजं आत येईनाशी झाली आणि व्यापार दुसरीकडे गेला. आता नदी बाजारपेठेत शिरते ती पावसाळ्यात. अर्जुना आणि कोदवली भरून वाहू लागल्या की जवाहर चौकात पाणी येतं आणि दुकानदार माल माळ्यावर चढवतात. ज्या पाण्याने बाजार वसवला, तेच पाणी दरवर्षी बाजारात येऊन बसतं. गावात फिरताना जुनी कौलारू घरं, अरुंद गल्ल्या, हिंदूंची आणि कोकणी मुसलमानांची शेजारची वस्ती दिसते. या बंदराकडे किती ठिकाणचे लोक आले असतील, त्याचा अंदाज येतो.

गावाजवळ धोपेश्वरला धूतपापेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. मृडानी नदी मंदिराला लागूनच खडकावरून खाली कोसळते. पाप धुणारा तो धूतपापेश्वर, म्हणजे इथंही देवाचं नाव पाण्यावरूनच. आयुर्वेदिक औषधांच्या बाटलीवर हे नाव तुम्ही वाचलं असेल. १८७२ मध्ये पनवेलला सुरू झालेल्या कारखान्याने ते घेतलं आहे.

वेळ असेल तर बारसू किंवा देवाचे गोठणे इथल्या सड्यावरची कातळशिल्पं जरूर बघा. जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर माणसं, प्राणी आणि कोड्यात टाकणाऱ्या आकृती कोरलेल्या आहेत. कोकणातल्या अशा निवडक जागांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. बारसूचं नाव २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. तोच हा सडा. या आकृत्यांवर बूट घालून चालू नका, फोटोसाठी त्यात खडू भरू नका.

आंघोळ : औषध की सुख?

आता सर्वांत महत्त्वाचं. गरम पाण्याने दुखरे सांधे तात्पुरते सैल होतात, स्नायूंचा ताण उतरतो, झोप चांगली लागते. हे खरं आहे. पण संधिवात बरा होतो, कोड जातं, जुना त्वचारोग एका आंघोळीत नाहीसा होतो, असं समजून कुणाला नेऊ नका. आणि तिथं गेलो म्हणून चालू असलेलं औषध तर मुळीच बंद करू नका.

काही नियम पाळा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. भरल्या पोटी नको. हृदयविकार, कमी-जास्त होणारा रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, एकदम उठून उभं राहिलं की चक्कर येते. म्हणून म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उठवा. दगड निसरडा असतो. मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही. आधी दुसऱ्या कुणी हात घालून बघावं. उघडी जखम किंवा पसरणारा त्वचारोग असेल तर सगळ्यांच्या कुंडात उतरू नये.

आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. उबदार गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो. तो पोटात गेला तर सहसा काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. असं होणं अतिशय दुर्मीळ आहे, पण टाळणं सोपं आहे. डोकं बुडवू नका, बुडी मारू नका, लहान मुलांवर लक्ष ठेवा. गोमुखाच्या वाहत्या धारेखाली तांब्याने अंगावर पाणी घेणं सगळ्यांत चांगलं.

याचं एक मोठं उदाहरण इंग्लंडमध्येच आहे, रेव्हिंग्टनच्या देशात. बाथ हे लहानसं ऐतिहासिक शहर रोमन काळापासून गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध. १९७८ मध्ये तिथं पोहलेली एक मुलगी याच अमीबाने दगावली आणि झऱ्याच्या पाण्यातली आंघोळ बंद झाली. मग नवी विहीर खोल खोदून दूषित न झालेलं पाणी आणलं, वेगळी स्नानगृहं बांधली आणि २००६ मध्ये लोकांना पुन्हा त्या पाण्यात उतरता आलं. जुना रोमन हौद आजही फक्त बघायचा. मेक्सिकोत इश्तापान दे ला साल नावाचं असंच ऊन पाण्याचं गाव आहे. तिथलं सरकार २००१ पासून अशा छोट्या जुन्या गावांना "जादुई गाव" असा दर्जा देऊन पर्यटन वाढवतं. आपल्या राजापूरकडे तसली पाटी नाही, चकचकीत स्नानगृहंही नाहीत. एका परीने बरंच आहे. पण त्यामुळे पाणी नीट ठेवण्याचं काम येणाऱ्याजाणाऱ्यांवर पडतं.

ते काम फार नाही. साबण, शाम्पू लावू नका. कपडे धुऊ नका. निर्माल्य, पिशव्या, नारळाची शेंडी पाण्यात टाकू नका. गंगेच्या आवारात गावाच्या ज्या रीती असतील त्या पाळा. डोंगराच्या पोटातल्या या वाटा नाजूक असतात. जवळपास खोल बोअर मारले, खडक फोडला तर झऱ्याची वाट बदलू शकते. ती पुन्हा जोडणं कुणाच्या हातात नाही.

जायचं कसं आणि केव्हा?

रायपूर, नागपूरकडून येणाऱ्यांनी हावडा-मुंबई मार्गाने मुंबईच्या बाजूला यावं आणि कोकण रेल्वे पकडावी. रायपूरहून मुंबईच अकराशे किलोमीटरच्या वर, म्हणून मध्ये एक मुक्काम ठेवा. वयस्कर माणसाला सलग दोन दिवस गाडीत बसवू नका. स्टेशनचं नाव राजापूर रोड. ते गावापासून बरंच लांब आहे आणि सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. रत्नागिरीला उतरून एसटीने किंवा गाडी ठरवून येणं अनेकांना सोयीचं पडतं. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना अणुस्कुरा घाट जवळचा. जुन्या व्यापाऱ्यांचा तोच रस्ता, पण वळणं बरीच आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी बेताने खावं.

गरम पाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. धूतपापेश्वराचा धबधबा बघायचा तर पावसाळ्याचा शेवट, पुराचे दिवस टाळून. गंगेसाठी महिना सांगता येत नाही. ती आली की वर्तमानपत्रांत बातमी येते. मग गर्दीही येते, हे धरून चला. दूरच्या माणसाने गंगेच्या भरवशावर बेत आखू नये. उन्हाळ्याचा झरा, धूतपापेश्वर, बाजारपेठ आणि कातळशिल्पं यांसाठी दोन दिवस ठेवावेत. त्या दोन दिवसांत गंगा असली तर भाग्य.

आजीला हे निघण्याआधीच सांगा. गंगा असेलच असं नाही, पण ती जिथं येते ती जागा दिसेल, वडाचं मूळ दिसेल, कोरडी कुंडं दिसतील आणि शेजारी ऊन पाणी मिळेल. मनाची तयारी असली की कोरड्या कुंडापाशीही माणूस हात जोडून शांतपणे उभा राहतो.

विदर्भातल्या मंडळींना एवढं लांब जमत नसेल तर अमरावती-बैतूलच्या सीमेवरचं सालबर्डी आहे. मराठवाडा आणि तेलंगणातल्यांना उनकेश्वर जवळ. खानदेशाला उनपदेव. आमच्या छत्तीसगडला तातापानी. जवळचं ऊन पाणी आधी बघा. आंघोळीचे आणि स्वच्छतेचे नियम सगळीकडे तेच.